टॉरचा बिल्ड घरच्या मशीनवर: आतापर्यंत काय जमलं

इंटरनेटवर ओळख लपवून वावरू देणारं टॉर हे सॉफ्टवेअर मी सोर्स कोडपासून घरी बांधतो आहे. वेगवेगळ्या फोल्डरांत बांधलेल्या त्याच्या दोन बायनरींचा, म्हणजे चालवायला तयार फाइलींचा, शा-२५६ हॅश (फाइलीच्या मजकुरावरून निघणारी खूण) शेवटी एकच आला, म्हणून ही नोंद. या वाटेला लागणाऱ्यांना आधी एक सांगतो: टॉर कंपाइल करणं अवघड नाही. सी भाषेतला, ऑटोटूल्स या बिल्डच्या साधनांवर चालणारा प्रकल्प आहे, साध्या लॅपटॉपवरही काही मिनिटांत उरकतो. खरा वेळ जातो तो भोवतालची व्यवस्था लावण्यात. सोर्स कुठून आला, कोणत्या कंपायलरने बांधला, कुठल्या लायब्ररी आत शिरल्या, आणि उद्या दुसऱ्या कुणी बांधला तर हेच बाहेर पडेल का? टॉर वापरणाऱ्यांत पत्रकार असतात, छळातून सुटू पाहणारी माणसं असतात. त्यांच्या हातात जाणाऱ्या बायनरीबद्दल हे प्रश्न विचारलेच पाहिजेत, असं मला मनापासून वाटतं.

रोजच्या सिस्टीमवर बांधायचं नाही, हे पहिल्यापासून पक्कं होतं. तिथे इतक्या वर्षांत कुठकुठली हेडर आणि लायब्ररी येऊन बसलेली असतात. बिल्डची तयारी करणारी कॉन्फिगर स्क्रिप्ट ती हुडकून काढते आणि न विचारता वापरते. म्हणून डीबूटस्ट्रॅप या साधनाने डेबियन लिनक्स १२, म्हणजे बुकवर्मचा किमान सांगाडा एका क्रूटमध्ये, म्हणजे मुख्य सिस्टीमपासून वेगळ्या ठेवलेल्या फोल्डरात, उभा केला. त्यात बिल्ड-इसेन्शियल, ऑटोमेक, पीकेजी-कॉन्फिग आणि लिबइव्हेंट, ओपनएसएसएल, झेडलिब या तिघांची डेव्ह पॅकेजं घातली. एवढ्यावर भागतं. मॅन पेजसाठी आस्कीडॉक लागतं आणि ते आपल्यामागे बरीच पॅकेजं ओढून आणतं, म्हणून ते कॉन्फिगरच्या वेळीच बंद केलं. सगळं उतरवून झाल्यावर बिल्डच्या वेळी नेटवर्क तोडलं. बांधताना बाहेरून काही येत नाही याची खात्री करण्याचा याहून सोपा मार्ग मला माहीत नाही.

सोर्सच्या पडताळणीवर मात्र मी मुद्दाम वेळ घालवला. टॉरच्या टारबॉलसोबत (सगळा सोर्स एकत्र बांधलेल्या फाइलीसोबत) शा-२५६ बेरजेची, म्हणजे हॅशची, एक छोटी फाइल मिळते, आणि सही त्या फाइलवर असते, थेट टारबॉलवर नाही. म्हणजे आधी जीपीजी या सह्या तपासणाऱ्या साधनाने बेरजेच्या फाइलची सही तपासायची, मग त्या बेरजेशी टारबॉल ताडून पाहायचा. दोन्ही पायऱ्या लागतात. सहीच्या कीचा फिंगरप्रिंट (तिची छोटी ओळखखूण) मी दोन स्वतंत्र मार्गांनी मिळवून जुळवला, नाहीतर त्या सहीला तसा काही अर्थ राहत नाही.

पण बिल्ड टारबॉलवरून करायचा की गिटवरून, म्हणजे सोर्सचा प्रत्येक बदल नोंदवणाऱ्या साठ्यावरून? मार्च २०२४ मधलं एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनाचं प्रकरण आठवत असेल. ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये मागचं दार बसवलेलं निघालं. सोर्स वाचून ते सहज सापडणारं नव्हतं. ते सुरू करणारी एम४ फाइल (कॉन्फिगर तयार करताना लागणारी) फक्त प्रकाशित टारबॉलमध्ये होती, गिटमध्ये नव्हतीच. उरलेला मसाला चाचण्यांच्या बायनरी फाइलींत लपवला होता आणि तो बिल्ड चालू असताना बाहेर यायचा. पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंड यांना एसएसएच लॉगिनला जरा जास्त वेळ लागतोय असं दिसलं आणि त्यांनी पिच्छा सोडला नाही, म्हणून ते उघड झालं. कोड सगळ्यांसमोर खुला होता, हल्ला बिल्डच्या वाटेने आला. बिल्ड एन्व्हायर्नमेंटची एवढी काळजी कशाला, असं कुणी विचारलं की मी हेच उदाहरण देतो.

त्यामुळे गिटमधून क्लोन घेतला, टॅगवरची (आवृत्तीच्या खुणेवरची) सही तपासली आणि ऑटोजेन स्क्रिप्ट स्वतः चालवून कॉन्फिगर तयार केलं. शेजारीच टारबॉल उघडून दोन्हींची तुलना केली. टारबॉलमध्ये जास्तीच्या निघाल्या त्या ऑटोटूल्सने तयार केलेल्या फाइली, म्हणजे कॉन्फिगर, मेकफाइलचे साचे वगैरे. लेखकांनी हाताने लिहिलेल्या सी फाइलींत फरक नव्हता. ही तुलना कंटाळवाणी आहे, तरी प्रत्येक आवृत्तीला करणार आहे.

टॉरचं कॉन्फिगर सिस्टीमवर लिबएलझेडएमए सापडली तर तीही जोडून घेतं, आणि ही लायब्ररी एक्सझेडचीच. बुकवर्ममध्ये ५.४.१ आहे, म्हणजे त्या प्रकरणाच्या आधीची, तिला धोका नाही. तरीही एलझेडएमए आणि तशीच फाइली दाबणारी झेडस्टँडर्ड दोन्ही बंद केल्या. डिरेक्टरीची, म्हणजे टॉरच्या सर्व्हरांच्या यादीची, माहिती दाबून पाठवायला झेडलिब पुरते, क्लायंटचं काही अडत नाही. जितकं कमी जोडाल तितकं कमी तपासावं लागतं. एक पर्याय मात्र मुद्दाम चालू केला: एनेबल-जीपीएल. ०.४.८ मालिकेपासून ओनियन सेवांवरचा (टॉरच्या आतच चालणाऱ्या साइटींवरचा) मारा थोपवण्यासाठी प्रूफ-ऑफ-वर्कची, म्हणजे येणाऱ्याच्या मशीनला आधी थोडं गणित करायला लावण्याची, सोय आली आहे, आणि तिचा कोड या परवान्याशिवाय बिल्डमध्ये येत नाही. आला की नाही ते लिस्ट-मॉड्यूल्स पर्यायाने लगेच कळतं.

मेक चेकच्या चाचण्या पास झाल्या. व्हर्जन विचारल्यावर टॉर स्वतःची आवृत्ती सांगून थांबत नाही. लिबइव्हेंट २.१.१२, झेडलिब १.२.१३, जीलिबसी २.३६, जीसीसी १२.२.० अशी अख्खी यादी देतं, आणि जोडलं नाही त्यापुढे तसं लिहितं. ती यादी मी बिल्डच्या नोंदीत तशीच चिकटवतो.

आता हॅशकडे. तोच सोर्स, तोच क्रूट, फक्त फोल्डर वेगळे, तरी सुरुवातीला बायनरी जुळल्या नव्हत्या. इथे डिफोस्कोप हे अवजार फार कामाला आलं. पुनरुत्पादनक्षम बिल्डसाठी डेबियनच्या मंडळींनी ते बनवलं आहे, आणि दोन फाइलींत नेमका कुठे फरक आहे ते थराथराने उलगडून दाखवतं. फरक डीबग माहितीत होता: तिथे बिल्ड फोल्डरचा पूर्ण पत्ता उतरतो. स्ट्रिप केल्यावर डीबग माहिती जाते, पण बिल्ड-आयडी मागे राहतो, आणि तो लिंक करतानाच्या मजकुरावरून काढलेला असल्यामुळे वेगळाच राहतो. उपाय जीसीसीमध्येच आहे. फाइल-प्रीफिक्स-मॅप हा पर्याय देऊन फोल्डरचा पत्ता एका ठरावीक नावाने बदलायचा.

बाकीची बंधनं छोटी आहेत, पण सोडायची नाहीत. टाइमझोन यूटीसी. सोर्स-डेट-इपॉक या व्हेरिएबलला टॅगची वेळ, म्हणजे कुठे बिल्डची तारीख उतरत असेल तर तीही ठरावीकच राहते. इन्स्टॉलचा प्रीफिक्स दोन्हीकडे एकच, कारण टॉरआरसी ही सेटिंगची फाइल कुठे शोधायची तो मार्ग बायनरीत कोरला जातो. लोकेल, म्हणजे सिस्टीमची भाषेची सेटिंग, सी. ज्यांची सिस्टीम माझ्यासारखी मराठी लोकेलवर आहे त्यांनी हे विशेष लक्षात ठेवा, कारण लोकेल बदललं की फाइलींच्या नावांचा क्रम बदलू शकतो आणि लिंकरला त्या वेगळ्या क्रमाने मिळू शकतात. गिटवरचा बिल्ड आणि टारबॉलवरचा बिल्ड यांची एकमेकांशी तुलना करू नका. गिटच्या बिल्डमध्ये कमिटची खूण आत जाते, ती टारबॉलमध्ये नसते.

एवढं लावल्यावर हॅश जुळला. याला अजून मर्यादा आहे, कारण दोन्ही बिल्ड एकाच माणसाचे, एकाच मशीनवरचे आणि एकाच कंपायलरचे आहेत. कंपायलरमध्येच खोट असेल तर सोर्स कितीही वाचला तरी कळणार नाही, हे युनिक्सचे एक जनक केन थॉम्प्सन यांनी १९८४ मध्येच छापून आलेल्या त्यांच्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात दाखवून दिलं होतं. माझा एकट्याचा हॅश त्यापुढे थोडाच पुरणार. वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या जागी बांधून जुळवावं लागतं. टॉर ब्राउझरच्या चमूने २०१३ पासून तेच केलं आहे. एकाहून जास्त जण स्वतंत्रपणे बांधतात, हॅश ताडतात, आणि सही होण्याआधीच्या बिल्डच्या बेरजांची फाइलही प्रकाशित करतात. म्हणजे घरी बसून बांधणाऱ्यालाही ताडून पाहता येतं.

पुढचं काम तेच. टॉर-ब्राउझर-बिल्ड उतरवून ठेवलं आहे. ते आरबीएम नावाच्या पर्लमधल्या साधनावर चालतं, कंपायलरपासून सगळं स्वतः कंटेनरमध्ये बांधतं, आणि त्यात टॉर ब्राउझरचा पाया असलेला फायरफॉक्सही आलाच. डिस्क आणि रॅम दोन्ही भरपूर लागतील, त्यामुळे आधी मोठी एसएसडी घेतोय. त्यानंतर आर्टी, म्हणजे टॉरचं रस्टमधलं नवं रूप. तिथे रस्टच्या कार्गो-व्हेंडर साधनाने सगळी अवलंबनं आधी उतरवून मग नेटवर्क तोडून बांधायचा विचार आहे. क्रेटांची, म्हणजे रस्टच्या लायब्ररींची, यादी पाहता सोर्स तपासायचं काम तिथे जास्त पडणार, असं दिसतंय.

तोवर एक विनंती. बुकवर्म, एएमडी६४, टॉरच्या ०.४.८ मालिकेतला एखादा सही केलेला टॅग आणि वर दिलेली बंधनं घेऊन कुणी बांधणार असेल तर मला टॅग, क्रूटमधल्या पॅकेजांची आवृत्त्यांसकट यादी आणि हॅश कळवा. हॅश जुळला नाही तर जास्तच कळवा, डिफोस्कोपचा अहवाल मी बसून वाचेन.