आमची वाटचाल : जन्मतारखेचा रकाना

सोलापूरच्या नवी पेठेत जिना चढून वर आलं की आमचं ऑफिस. खाली स्टेशनरीचं दुकान आहे, त्यामुळे रोज दोघं-तिघं वर येऊन वह्या मागतात. "मग तुम्ही विकता काय?" असं कुणी विचारलं की मी सांगतो, आम्ही विकत नाही, विकत घेतो, आणि तेही दुसऱ्याच्या पैशानं. मिस्ट्री शॉपिंग म्हणजे एवढंच. कंपनी आम्हाला सांगते, आमच्या दुकानात गिऱ्हाईक बनून जा, काय दिसलं ते लिहून द्या. सेल्समन उठून उभा राहिला का, बिल मागायच्या आधी दिलं का, ट्रायल रूमची कडी लागते का. दुकानातल्या कुणाला कळता कामा नये.

हे लिहायला बसलो त्याचं कारण मात्र वेगळं आहे. दरवर्षी दहावीची परीक्षा संपली की आमचा फोन वाजायला लागतो. "अण्णा, वय सोळा आहे, चालतंय का?" नाही म्हणून फोन ठेवला की पोरांना वाटतं, हा माणूस खडूस आहे. तर एकदा नीट सांगून टाकतो.

मी या धंद्यात अपघातानं आलो. अकरा वर्षं एका डिस्ट्रिब्युटरकडे बिस्किटांचा सेल्समन होतो. बाळे ते होटगी रोड, सगळी किराणा दुकानं पाठ. पुण्याच्या एका एजन्सीला सोलापुरात माणूस पाहिजे होता. पहिलं काम चपलांच्या शोरूमचं. एक मोज्यांचा जोड विकत घ्यायचा, त्याचे पैसे परत, वर अडीचशे रुपये. रिपोर्टचे प्रश्न ब्याऐंशी! रात्री बसून भरला, सकाळी एजन्सीचा फोन आला, पुढच्या आठवड्यात अजून चार कराल का म्हणून. दोन वर्षांनी नोकरी सोडली.

सोलापूरचा फायदा मला फार उशिरा कळला. आमच्या घरी तेलुगू, शाळेत मराठी आणि बाजारात अर्धं कन्नड. इंडी किंवा अक्कलकोटच्या दुकानात गिऱ्हाईक म्हणून उभं राहायचं तर बोलण्यावरून कुणाला शंका येता कामा नये, आणि पुण्याहून आलेल्या माणसाची ती पहिल्या वाक्याला येते. त्या जोरावर पंढरपूर, बार्शी, लातूर, कलबुर्गीपर्यंत काम गेलं. आज साठेक शॉपर आमच्याकडे आहेत. शिक्षिका आहेत, एलआयसी एजंट आहेत, रिटायर झालेले एक बँकवाले आहेत. फुल टाइम कुणीच नाही. व्हिजिटला दीडशे ते चारशे मिळतात, पैसे यायला पंचेचाळीस दिवस लागतात. यावर घर चालेल असं कुणी सांगत असेल तर त्याच्यापासून लांब राहा.

आता ती गोष्ट, जी मी खूप दिवस कुणाला सांगत नव्हतो.

धंद्याला दीड-दोन वर्षं झाली असतील. एका शोरूमच्या कंपनीला बघायचं होतं की कॉलेजची पोरं आली तर स्टाफ त्यांना कसं वागवतो. माझ्याकडचे सगळे शॉपर पस्तिशीच्या पुढचे. शेजारच्या अक्कांचा धाकटा अकरावीत होता, चुणचुणीत. मी म्हटलं, जातोस का? त्याचा मोठा भाऊ वीस वर्षांचा. फॉर्म भावाच्या नावानं भरला, आधार भावाचं, आणि पाठवला धाकट्याला. त्या वेळी मला त्यात फार काही चुकतंय असं वाटलंही नाही. पहिल्या दोन व्हिजिटचे त्याचे रिपोर्ट असे होते की आजही नवीन शॉपरला मी त्यातल्या ओळी वाचून दाखवतो. "सेल्समननी बूट दाखवायच्या आधी बजेट विचारलं. मागून आलेल्या काकांना विचारलं नाही." "मी वर गेलो की एकजण वर येत होता, खाली आलो की खाली." चाळिशीच्या माणसाला हे दिसत नाही, कारण त्याच्या मागे कुणी फिरतच नाही.

तिसऱ्या व्हिजिटला ते मागे फिरणारं माणूसच नडलं. पोराच्या शर्टाच्या खिशात मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू होतं, स्क्रीन उजळली, आणि त्यांना वाटलं काहीतरी उचललंय. मागच्या गोडाऊनमध्ये नेऊन बसवलं. रात्रीचे साडेआठ. असा प्रसंग आला तर दाखवायला शॉपरजवळ एजन्सीचं ऑथरायझेशन लेटर असतं, म्हणजे हा आमचा माणूस आहे, याला सोडा. त्याच्याजवळ होतं, पण भावाच्या नावाचं. त्यानं ते काढलंच नाही. खोटं उघडं पडेल म्हणून तो गप्प बसला, आणि गप्प बसला म्हणून त्यांची शंका वाढली. मी पोचलो तेव्हा अक्का माझ्या आधी तिथे होत्या. त्या ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "अण्णा, तुमच्या भरवशावर पाठविलतं की."

एजन्सीनं तिन्ही रिपोर्ट रद्द केले आणि तीन महिन्यांचं पेमेंट अडवलं. त्यांचं बरोबरच होतं. शोरूमवाल्यांनाही मी दोष देत नाही, नाव खोटं होतं ते माझ्या फॉर्मवर.

त्यानंतर मी एका वकील मित्राकडे जाऊन बसलो. माझी समजूत होती की अठराच्या आत काम करणंच बेकायदा. तसं नाही म्हणाला. 1986 चा बालकामगार कायदा 2016 मध्ये बदलला. चौदाच्या आत कामाला लावता येत नाही, अपवाद घरच्या धंद्यातल्या मदतीचा आणि कलाकार मुलांचा, तोही शाळा सांभाळून. चौदा ते अठरा हे किशोर, त्यांना धोक्याची कामं बंद. बाकी कामाला तासांची बंधनं आहेत, आणि संध्याकाळी सात ते सकाळी आठ काम देता येत नाही. आता सोलापूरचा उन्हाळा ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको की इथे बाजारात गिऱ्हाईक बाहेर पडतं तेच सातच्या सुमाराला. दुपारी तीनला रिकाम्या दुकानात जाऊन सेल्समन बिझी असताना कसा वागतो ते कसं बघणार?

पण खरी अडचण त्याहून जुनी, 1872 ची. भारतीय करार कायद्याच्या कलम 11 प्रमाणे अज्ञानाला, म्हणजे अठराच्या आतल्याला, करार करता येत नाही, आणि 1903 मध्ये प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे तेव्हाच्या लंडनमधल्या सर्वांत वरच्या कोर्टानं, मोहोरी बिबीच्या खटल्यात असा करार मुळातच रद्दबातल ठरवला. आमचा सगळा धंदा करारावर उभा आहे. दुकानाचं नाव बाहेर फोडायचं नाही, रिपोर्ट कुणाला दाखवायचा नाही, यावर सोळा वर्षांच्या पोराची सही घेतली तरी तिला कागदाची किंमत नाही. म्हणून बहुतेक एजन्स्या अठराची अट घालतात. पोरांना वाटतं, आम्हाला अक्कल कमी समजतात. अक्कल भरपूर असते हो, सही नसते.

मला हे वयाचं प्रकरण इतकं का लागलं, त्याला घरचंही एक कारण आहे. माझी अम्मा विड्या वळायची. सोलापुरात हजारो घरांत वळतात. पाण्यात भिजवलेली तेंदूची पानं, मांडीवर सूप, आणि शाळेतून आल्यावर दोरा गुंडाळायला मी. बोटं तंबाखूनं पिवळी. 1986 च्या कायद्यात मुलांना मनाई केलेल्या कामांच्या यादीत विडी वळणं होतं. पण आईजवळ बसून दोरा गुंडाळणाऱ्या पोराला कामगार कोण म्हणणार? अम्माही म्हणाली नसती. अक्कांच्या पोराला मी पाठवलं तेव्हा माझ्याही डोक्यात तेच होतं, घरचंच पोरगं आहे, मदत करतंय.

मग पोरं लागतातच अशा कामाचं काय करतो? लहान मुलांचे कपडे, बूट, आइस्क्रीम, खेळणी. तिथे शॉपर आई किंवा बाप. करार त्यांचा, रिपोर्ट त्यांचा, पैसे त्यांना. मूल फक्त बरोबर. त्याचं नाव, फोटो, आवाज रिपोर्टमध्ये येत नाही. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यातही मूल म्हणजे अठराच्या आतलं, आणि त्याच्या माहितीला पालकांची संमती लागते. आमची एक अट जास्तीची आहे, मुलाला खोटं बोलायला शिकवायचं नाही. आईनं "आमच्या बाळाचा उद्या वाढदिवस आहे" असं सांगितलं आणि बाळ म्हणालं "नाहीये!", तर ती व्हिजिट तिथेच संपली. असं झालेलं आहे.

माझी मुलगी नववीत आहे. एकदा बरोबर आली, दुकानातून बाहेर पडल्यावर म्हणाली, "नाना, मुलांच्या बुटांपाशी बसायला स्टूलच नाही, सगळी पोरं जमिनीवर बसून घालायलेत." ब्याऐंशी प्रश्नांत हा प्रश्न नव्हता. शेवटच्या 'इतर निरीक्षणे'मध्ये मी तो लिहिला.

मध्यंतरी एक संस्था आली. शाळांजवळच्या टपऱ्यांवर पोरांना सिगारेट मिळते का, ते बघायचं होतं. म्हणाले, पंधरा वर्षांचा एखादा मुलगा पाठवा, पुरावाच मिळेल. हेतू चांगला होता. 2003 च्या तंबाखू कायद्यात अठराच्या आतल्याला विक्री बंद आहे आणि शैक्षणिक संस्थेपासून 100 यार्डांत तर विक्रीच बंद. दंड किती, तर जास्तीत जास्त 200 रुपये. उलट 2015 च्या बाल न्याय कायद्याचं कलम 77 मुलाला तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड सांगतं. मुलाच्या हातात सिगारेट पडावी अशी सोय मीच करायची? मी नाही म्हणालो.

त्यांनी परदेशाचे दाखले दिले, आणि ते खरे आहेत. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेनं 13 ते 16 वर्षांची मुलं एकटी दुकानांत पाठवून मोठ्यांचे व्हिडिओ गेम मागवले होते. 2013 मध्ये जाहीर झालेल्या पाहणीत 13 टक्के मुलांना ते मिळाले. ब्रिटनमध्येही अशी चाचणी खरेदी होते, पण ती ट्रेडिंग स्टँडर्ड्सचे सरकारी अधिकारी करवून घेतात, पालकांची परवानगी घेऊन. मागे सरकार उभं असतं. माझ्यामागे खालचा स्टेशनरीवाला.

तिथल्याच खासगी कंपन्यांची एक युक्ती मात्र मी उचलली. त्या अठरा-एकोणीस वर्षांचे शॉपर पाठवतात. वयानं सज्ञान, दिसायला कोवळे. दुकानदारानं ओळखपत्र मागितलं का, एवढंच तपासायचं. माझ्याकडे एकोणीस वर्षांचा एक विद्यार्थी होता, मिसरूडही फुटलं नव्हतं. बहुतेक टपऱ्यांवर त्याला कुणी काही विचारलं नाही. वयाची पाटी कुठे होती, कुठे पानाच्या डब्यामागे. एका टपरीवरचे म्हातारे तेवढे म्हणाले, "कुणाचा बे तू? बापाला सांगू का?" त्यांना मी पैकीच्या पैकी मार्क दिले.

पोरांनो, अजून एक. "मिस्ट्री शॉपर व्हा, रजिस्ट्रेशन फक्त 499" असा मेसेज आला तर तो काम देणारा नाही. काम देणारा पैसे घेत नाही. हॉटेलला रेटिंग द्या, आधी थोडे पैसे मिळतील, मग तुम्हीच भरा, हेही तसलंच. आमच्या एका शॉपरच्या भाचीचे असे गेले. गेले तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावायचा, घरच्यांना सांगायला लाजायचं नाही.

आता आमच्या फॉर्ममध्ये पहिलाच रकाना जन्मतारखेचा आहे. अठरा पूर्ण नसतील तर पुढचं पान उघडतच नाही. पोरं हुशार, वर्ष बदलून टाकतात. म्हणून मी प्रत्येकाला स्वतः फोन करतो आणि आधार मागायच्या आधी सहज विचारतो, दहावी कुठल्या साली? परवा एकानं फॉर्मवर 1994 टाकलं होतं. आवाज जाड करून म्हणाला, "दहावी ना सर? झाली की, बरीच वर्षं झाली." तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, क्लासला उशीर व्हायलाय, फोन ठेव आधी!"