हार्डनेस जास्त आला म्हणून

२६ सप्टेंबर २०२५, शुक्रवार. नवरात्र सुरू होतं. अर्ध्या शिफ्टनं अनवाणी राहायचा नेम धरलेला आणि सेफ्टी शूजवरून माझा त्यांच्याशी चार दिवस वाद चाललेला. देवीचा नेम मला मान्य आहे. पण व्हीएमसी मशीनचा, धातूच्या धारदार किसानं भरलेला चिप ट्रे अनवाणी पायानं ओलांडणं मला मान्य नाही, आणि सुपरवायझर त्याकडे काणाडोळा करतात याचा मला राग येतो.

कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावातल्या एका मशीन शॉपमध्ये मी क्वालिटी बघतो. आमचं पोट भरतं ते पंपाच्या आणि ट्रॅक्टरच्या कामावर. महिन्याला हजारो जॉब निघतात. विमानाचं काम वर्षातून दोनदा येतं, तीस-चाळीस, फार तर साठ-पासष्ट नग. ड्रॉइंगवर नुसता नंबर असतो. जॉब विमानाला लागणार की पंखाखालच्या क्षेपणास्त्राच्या बैठकीला, ते आम्हाला कुणी सांगत नाही आणि आम्हीही विचारत नाही.

दहाच्या चहाला टपरीवर एकच विषय होता. चंदीगडला मिग-२१ चा निरोप समारंभ चालू होता. १९६३ साली आलेलं विमान ६२ वर्षांनी निवृत्त होत होतं. आदल्याच दिवशी ९७ देशी लढाऊ विमानांचा, तेजस मार्क १ए चा, ६२,३७० कोटींहून मोठा करार झालेला.

"मिग माक २ नं जात हुतं, आन् ह्यो तेजस १.६! साठ वर्षांत पुढं गेलो का मागं?" आमचा सेटर.

"आन् पैल्या ८३ चं काय झालं? २०२१ ला ऑर्डर दिली, एक तरी आलं का? तेजस बनवणारी एच.ए.एल. झोपलीया. सरळ राफेल घ्यायची आणखी." दुसऱ्या कुणीतरी भर घातली.

आमचे वॉचमन सैनिक टाकळीचे, फौजेतून निवृत्त झालेले. सगळे त्यांना मेजर म्हणतात. ते ऐकत होते, बोलत नव्हते.

मी बोललो. अमेरिकेचं एफ-३५ सुद्धा माक १.६, म्हणजे आवाजाच्या १.६ पट वेगानंच जातं, ते मिगच्या मागं आहे का? वेग हा एक आकडा झाला. रडार कुठलं, किती लांबचं दिसतं, दिवसातून किती वेळा उडू शकतं, हे त्या आकड्यात नसतं. राफेल ३६ घेतली ती २०१६ च्या करारानं, पण त्याआधी १२६ विमानांचं टेंडर २००७ ला काढून २०१५ ला रद्द झालेलं. म्हणजे बाहेरून घेणं लवकर होतं असं नाही. हवाई दलाला लढाऊ विमानांच्या तुकड्या, म्हणजे स्क्वाड्रन, मंजूर ४२, मिग गेल्यावर उरल्या २९. हे सगळं मी तावातावानं सांगितलं. आणि तेजस रखडल्याचा राग मलाही आहेच. अमेरिकेतून ९९ इंजिनं यायची, त्यातलं पहिलं यायला मार्च २०२५ उजाडला.

चहा संपला. आत आलो तर धातूचा कडकपणा मोजणाऱ्या हार्डनेस टेस्टरजवळ आमचा नवा पोरगा खूश होऊन उभा.

"सर, ह्या लॉटला हार्डनेस लय भारी आलाय. १५०."

विमानाच्या कामाचा ६४ नगांचा लॉट होता. ७०७५ अॅल्युमिनियम. जपान्यांनी १९३५ च्या सुमारास गुपचूप बनवलेला आणि झिरो विमानात वापरलेला धातू. तोच थोडाफार सुधारून आजही जगभरच्या विमानांत आहे. पण ७०७५ एवढं म्हणून भागत नाही. पुढची अक्षरं महत्त्वाची. १२० अंशांवर चोवीस तास भाजला की तो टी-६ होतो, सगळ्यात कडक. त्यानंतर पुन्हा साधारण १६० ते १७५ अंशांवर काही तास ठेवला की टी-७३ होतो. ताकद दहा-पंधरा टक्क्यांनी उतरते. मुद्दाम उतरवलेली असते. कारण टी-६ ला सतत ताण दिला आणि दमट, खारी हवा लागली, की काही न होता, जादा भार न येता, महिन्या-वर्षांनी तो कणांच्या सीमेवरून चिरतो. आमच्या जॉबमध्ये एका भोकात स्टीलची बुश, म्हणजे छोटी नळी, दाबून बसवायची असते. म्हणजे विमान हँगरमध्ये उभं असलं तरी त्या भोकाच्या कडेला ताण आहेच. म्हणूनच ड्रॉइंगवर टी-७३५१, म्हणजे टी-७३ चीच प्लेट, लिहिलेलं.

टी-७३ ला हार्डनेस यायला हवा १३५ च्या आसपास.

मालक तेवढ्यात आले. म्हणाले, "कागदापेक्षा चांगला माल मिळाला की! पॅकिंग घ्या." त्यांचा दोष नाही. आमच्या तपासणीच्या कागदावर 'किमान' एवढंच छापलेलं आहे. कमाल लिहिलेलीच नाही. तो कागद तीन वर्षांपूर्वी मी तयार केला.

मी पॅकिंग थांबवलं. सर्टिफिकेट काढलं, त्यावर टी-७३५१ स्वच्छ लिहिलेलं. पण प्लेट व्यापाऱ्याकडून कापून आलेली, आणि माल कुठल्या ओतीतला ते सांगणारा हीट नंबरचा शिक्का ज्या टोकाला असतो ते टोक कापताना गेलेलं. तीन प्लेटी होत्या, कुठला नग कुठल्या प्लेटीतून निघाला याची नोंद नव्हती. पंपाच्या कामात ही नोंद कुणी ठेवत नाही, आणि तेच हात, तीच सवय या कामावर येते. दरसाल साठ नगांसाठी वेगळी शिस्त, वेगळं रॅक, वेगळा माणूस ठेवायचा खर्च दरात धरला, तर एल-१ मध्ये, म्हणजे सगळ्यात कमी दरवाल्याला काम देण्याच्या पद्धतीत, आम्ही पहिल्या फेरीलाच बाहेर पडू. खरेदीवाल्यांना हे कळतं. तरीही सगळ्यात कमी दर आणि शंभर टक्के नोंदी, दोन्ही हवं असतं. बिलाचे पैसे ४५ दिवसांत द्यायचे असा लहान उद्योगांसाठी २००६ चा कायदा आहे. आमच्या हातात ते कधी सहा महिन्यांनी पडतात.

टी-६ आणि टी-७३ या दोन टेम्परमधला फरक मायक्रोमीटर दाखवत नाही, मापं घेणारं सीएमएम मशीन दाखवत नाही, डोळ्यांना तर नाहीच. दिसतो तो विजेच्या वाहकतेत. पेनासारखा प्रोब ठेवायचा, आकडा वाचायचा. शुद्ध तांबं शंभर धरलं तर टी-७३ ला ३८ च्या वर हवा. टी-६ असेल तर ३३ च्या आसपास. आमच्याकडे ते यंत्र नाही. शिरोलीच्या एका लॅबमधून संध्याकाळी आणलं. सेटर, नवा पोरगा आणि मी, रात्री साडेदहापर्यंत एकेक नग पुसून, एकाच तापमानाला आणून, तीन-तीन ठिकाणी मोजला.

४२ नग ३९ च्या वर. २२ नग ३३.

माप सगळ्यांचं अचूक होतं. एकेका नगावर चार तासांचं मशिनिंग, आणि फिनिश असं, की भोकात बघितलं तर तोंड दिसावं. सेटरनं ते स्वतःच्या हातानं केलेले. बाद म्हणून नुसता लाल रंग फासून ठेवले तर उद्या कुणीतरी पुसून वापरेल, म्हणून असे नग कापून टाकायचे असतात. मी सांगायच्या आधीच त्यानं बँडसॉ सुरू केला. सकाळी तेजसच्या नावानं ओरडणारा हाच माणूस. एक शब्द बोलला नाही. फक्त प्रत्येक नग बरोबर बुशच्या भोकातून कापत होता.

नवी प्लेट बाहेरच्या देशातून यायची. सात आठवडे. आमच्या ऑर्डरवर उशिराला दर आठवड्याला अर्धा टक्का दंड आहे. शिवाय आमचे नग मिळेपर्यंत पुढं कुठंतरी एक जोडणी अडणार. टपरीवर ज्या उशिराला सगळे शिव्या घालत होते, त्यातले सात आठवडे त्या रात्री मी स्वतः लिहिले. ते बरोबर लिहिले, यात मला शंका नाही.

मला झोप लागली नाही ती दुसऱ्याच गोष्टीनं. गेल्या वर्षी ३० नग गेले होते. तोच व्यापारी, तोच 'किमान' लिहिलेला कागद. लॉटमागे एक तुकडा आम्ही राखून ठेवतो. शनिवारी सकाळी तो मोजला. ३९.४. मालकांचा जीव भांड्यात पडला. पण तो लॉट दोन प्लेटींतून निघाला होता आणि राखलेला तुकडा एकाच प्लेटीचा.

"तुकडा पास आहे. ग्राहकाला पत्र लिहिलं तर पुढची ऑर्डर विसरायची," मालक म्हणाले. तीस वर्षांत उद्यमनगरातल्या एका लेथवरून इथवर आलेला माणूस. त्यांच्याशी मी कधी आवाज चढवून बोललो नव्हतो, त्या दिवशीही नाही. पत्र टाईप करून टेबलावर ठेवलं. दोन दिवस ते तिथंच पडून होतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी सही केली आणि एवढंच विचारलं, "हार्डनेस कुठला आला म्हणजे चालतंय ते आता कागदावर लिहिलंस का?"

लिहिलं. किमान आणि कमाल, दोन्ही. खाली वाहकतेची ओळही घातली. ते यंत्र घ्यायचं मालकांनी अजून मनावर घेतलेलं नाही, भाड्यानं आणतो.

पत्राला ग्राहकाकडून एका ओळीचं उत्तर आलं, "पत्र मिळाले, कळवू." ते ३० नग बसवले गेले का, बसवले असतील तर कुठं, काढून मोजायला सांगितलं का, काहीच कळलेलं नाही. दोन स्मरणपत्रं पाठवली. परवा मेजर गेटवर विचारत होते, "साहेब, त्या तीस नगांचं काय झालं?" मी म्हटलं, तिसरं पत्र उद्या टाकतोय.