कुंपणाची खालची वीत

महाबळेश्वरातल्या एका बंगल्याच्या बागेला शंभर रनिंग फूट लाकडी कुंपण होतं. साडेतीन फूट उंच, चार इंच रुंद उभ्या पट्ट्या, मधे दोन-दोन इंचांची फट, लाकूड पाइनचं आणि वर पांढरा चकचकीत ऑइल पेंट. मार्चमध्ये रंगवलेलं, ऑक्टोबरात पोपडे. मालक म्हणत होते रंग नकली निघाला. रंगारी मिस्त्रीही तेच म्हणत होते. दुकानदाराच्या मते मिस्त्रींनी टर्पेंटाइन जास्त ओतलं होतं. मला बोलावणं होतं ते नवीन रंग कोणता घ्यायचा एवढंच सांगायला.

अशा वेळी आधी हातात काही न घेता कुंपणाच्या दोन्ही बाजूंनी चालून यावं. रंग कुठे गेलाय यापेक्षा कुठे टिकलाय हे जास्त बोलकं असतं. इथे वरचा दोन-तृतीयांश भाग ठणठणीत होता, चमकसुद्धा उतरली नव्हती. खालची वीतभर पट्टी मात्र जवळजवळ सगळीकडे उघडी पडलेली. ज्या बाजूला गुलाबाचा वाफा होता तिथे ही उघडी पट्टी गुडघ्यापर्यंत चढलेली. गाठींभोवती पिवळी वर्तुळं, खिळ्यांखाली काळे ओघळ. नकली रंग जाताना वर-खाली असा भेद करत नाही.

“मिस्त्री, रंगाचं नंतर बघू. आधी एक फुगा फोडू या,” मी म्हटलं.

फुगा पात्याने कापून त्याची पाठ बघायची. खाली आधीच्या रंगाचा थर दिसला तर तो उन्हाने आलेला फुगा: तापलेल्या फळीवर भर दुपारी हात मारला की वरची साय धरते आणि आतलं टर्पेंटाइन वाफ होऊन तिला उचलतं. खाली कोरं लाकूड दिसलं तर पाणी मागून आलंय. आमच्या पोपड्याच्या पाठीवर गुलाबी अस्तर, म्हणजे रंगाखाली लावलेला प्राइमर, जसंच्या तसं चिकटलेलं होतं आणि लाकूड कोरं, हाताला गार लागणारं. अस्तर आणि रंग एकमेकांना धरून होते, दोघांनी मिळून लाकूड सोडलं होतं. म्हणजे वरून कितीही भारी रंग लावला असता तरी तो असाच सुटला असता.

मग ओलावा मोजायचं दोन सुयांचं मीटर. सुया रंगातून आरपार लाकडात जायला हव्यात, रेषांच्या दिशेने. नुसत्या रंगावर टेकवून घेतलेलं रीडिंग काही कामाचं नाही. त्याच पट्टीवर वरच्या टोकाला १५ टक्के, मधे १७, खाली २६. रंग लावायला १५च्या आत हवं. २०च्या वर लाकूड सतत राहिलं की कुजण्याची तयारी सुरू होते. पाऊस जाऊन बरेच दिवस झाले होते, मग २६ कुठून? माळीकाकांनी न विचारताच सांगितलं: रोज सकाळी पाइपने वाफ्याला पाणी, आणि पाण्याची धार कुंपणावरच. शिवाय वाफ्याची माती चढत चढत पट्ट्यांना टेकलेली.

एक पट्टी काढून उलटी केली तेव्हा बाकीचा उलगडा झाला. खालचं टोक कोरं होतं. रंगाचा एक थेंबही तिथे पोचलेला नव्हता. कुंपण आधी उभारलं आणि मग रंगवलं, जमिनीपासून अंतर जेमतेम अर्धा इंच, त्यात कुंचला शिरणार कसा? लाकूड पाणी पितं ते मुख्यतः टोकातून, कारण झाडाने पाणी वर चढवायला केलेल्या नळ्या तिथे उघड्या असतात. फळीच्या अंगातून जितकं पाणी शिरतं त्याच्या कैक पट टोकातून शिरतं. ते पाणी वर चढतं, ऊन पडलं की वाफ होऊन बाहेर पडायला बघतं आणि वाटेत चारही बाजूंनी ऑइल पेंटचं बंद कवच. महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पावसाळ्याआधी लोक भिंतींना गवताच्या झडी बांधतात, पण कुंपणाला कोण बांधणार?

त्याच पट्टीच्या मागच्या अंगाचा रंग खरवडला तर खाली डागणी दिसली: चौकटीत गव्हाच्या लोंबीचं चिन्ह, देशाची दोन अक्षरं, एक क्रमांक आणि शेवटी ‘एचटी’. मालक खुश झाले. “बघा, ट्रीटेड लाकूड म्हणूनच दिलं होतं.” ही खूण आयएसपीएम १५ या आंतरराष्ट्रीय नियमाची, माल भरून आलेल्या खोक्यांवरची. एचटी म्हणजे लाकडाचा गाभा ५६ अंश सेल्सिअसला किमान ३० मिनिटं तापवलाय. त्याने आतले किडे-अळ्या मरतात, म्हणजे एका देशाची कीड दुसऱ्या देशात जात नाही. पण उद्या लागणाऱ्या वाळवीला किंवा बुरशीला त्याने काडीचाही अटकाव होत नाही. कुंपणाला लागतं ते दाबाखाली औषध मुरवलेलं पाइन. तांब्याचं औषध असेल तर त्यावर हिरवट झाक दिसते. हे होतं पॅकिंगचं पाइन. वाईट नाही, पण ते मातीला टेकवायचं नाही एवढं पथ्य हवं.

काळे डाग दोन प्रकारचे होते आणि त्यांचा इलाज वेगळा. घरातलं ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचं पाणी, एक थेंब टाकायचं. मिनिटा-दोन मिनिटांत डाग फिका पडला तर बुरशी, नाही पडला तर मळ. वाफ्याकडच्या पट्ट्यांवर फिका पडला. खिळ्यांखालचे ओघळ तसेच राहिले, कारण ते लोखंड आणि लाकडातल्या टॅनिन नावाच्या तुरट द्रव्याचे. त्यांना ऑक्झॅलिक अॅसिड: लिटरभर कोमट पाण्यात ५०-६० ग्रॅम, प्लास्टिकची बादली, हातमोजे, आणि नंतर भरपूर पाण्याने धुणं. ब्लीच आणि अॅसिड एकाच वेळी, एकाच जागी कधीही नाही. विषारी वायू निघतो.

आता रंगाची निवड. दुकानात शेडकार्ड असतं किंवा गुळगुळीत प्लायवर मारलेला नमुना. त्यावरून छटा ठरते, टिकाऊपणा नाही. चाचणी त्याच कुंपणाच्या लाकडावर करावी, आणि तीही खालच्या भागावर. म्हणून काही पट्ट्या उतरवल्या, खरवडल्या, ८० आणि मग १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासल्या आणि मीटर १४ दाखवेपर्यंत ओसरीत आडव्या रचून ठेवल्या, मधे काड्या घालून, म्हणजे वारा खेळतो. घासल्यावर पाण्याचा थेंब टाकून बघायचा. तो मण्यासारखा उभा राहिला तर तिथे राळ, तेल किंवा रंध्याची झिलई शिल्लक आहे, अस्तर धरणार नाही. अर्ध्या मिनिटात पसरून मुरला की लाकूड तयार. घासून कोरं झालेलं लाकूड उन्हात तसंच पडू देऊ नये. काही आठवड्यांत ऊन वरच्या तंतूंना बांधणारं लिग्निन मोडतं आणि रंग त्या सैल तंतूंवर बसतो.

नमुने असे केले: एकावर गुलाबी अस्तर आणि तोच ऑइल पेंट, दुसऱ्यावर तेलाचं अस्तर आणि बाहेरच्या कामाचा अॅक्रिलिक, तिसऱ्यावर मुरणारा रंगीत वुड स्टेन, चौथ्यावर पारदर्शक पीयू म्हणजे पॉलियुरेथेन, पाचव्यावर डबल बॉइल जवसाचं तेल. प्रत्येक पट्टीचं एक टोक कोरं ठेवलं. दुसऱ्या टोकाला अस्तराचे तीन हात दिले, आधीचा पिऊन झाला की पुढचा. असं केलं की रंगाचा गुण आणि टोकाचा दोष एकाच फळीवर वेगवेगळे दिसतात. दोन्ही टोकं आळीपाळीने रात्रभर तीन इंच पाण्यात उभी, दिवसभर उन्हात. हे चक्र आठवडाभर चालू ठेवलं.

मग चिरा-टेपची चाचणी. धारदार पात्याने दोन मिलिमीटर अंतरावर सहा चिरा, त्यांना छेद देणाऱ्या आणखी सहा, म्हणजे पंचवीस चौकोन तयार होतात. चिर लाकडापर्यंत गेली पाहिजे. वर टेप बोटाने घट्ट दाबायची आणि पाच मिनिटांच्या आत, साठेक अंशांच्या कोनात, एका झटक्यात ओढायची. किती चौकोन टेपसोबत आले ते मोजायचं. आयएसओ २४०९ या रंगाची पकड मोजायच्या आंतरराष्ट्रीय मानकात ० म्हणजे एकही नाही आणि ५ म्हणजे धूळधाण.

ऑइल पेंटच्या कोऱ्या टोकाला टेप लावायचीही गरज नव्हती, नखानेच पापुद्रा निघाला. त्याच रंगाच्या, अस्तराने बंद केलेल्या टोकाला एकही चौकोन सुटला नाही. मिस्त्री ती पट्टी उलटसुलट करून बघत राहिले आणि म्हणाले, “म्हणजे डबा खराब नव्हता, साहेब.” नव्हता. पण मी त्यांना भिंग दिलं. बंद टोकाच्या बाजूलाही रेषांच्या दिशेने केसाएवढ्या भेगा धरायला लागल्या होत्या. चार इंची पट्टी कोरड्यातून ओल्यात जाताना रुंदीला दोनेक मिलिमीटर फुगते, परत आकसते. ऑइल पेंट जसजसा जुना होतो तसतसा कडक होत जातो आणि या ओढाताणीत तडकतो. अॅक्रिलिक लवचीक राहतो आणि वाफही थोडीफार बाहेर जाऊ देतो. त्याच्या कोऱ्या टोकाशी कडेचे मोजके चौकोन गेले, बंद टोकाला शून्य.

वुड स्टेनला सोलायला साय नसतेच, त्यामुळे टेप कोरीच आली. माझं मत विचाराल तर खडबडीत पाइनच्या कुंपणाला तोच सर्वांत शहाणा पर्याय. दोन-तीन वर्षांनी धुवायचं आणि पुन्हा एक हात मारायचा, खरवडणं नाही. पण मालकांना पांढराच हवा होता आणि स्टेनमधून तो स्वच्छ पांढरा मिळत नाही. पीयू पाण्यात उत्तम राहिला. त्याची परीक्षा मात्र बादलीत होत नाही, उन्हात होते. दक्षिणेकडे तोंड करून ४५ अंशांत ठेवायची फळी. पारदर्शक थरातून ऊन आत जातं, खालचं लाकूड करडं पडतं आणि वरचा थर काचेसारखा सुटतो. जवसाच्या तेलावर आठवडाभरातच काळे ठिपके धरले. बुरशीला ते खाद्यच.

दुकानदाराचं बोलणंही मी हिशेबाने तपासून पाहिलं. मार्चमध्ये ऑइल पेंटच्या दोन हातांना मिळून आठ लिटर लागला होता. मालकांनी क्षेत्रफळ धरलं होतं साडेतीनशे चौरस फूट, लांबी गुणिले उंची. खरा हिशेब असा: पट्ट्या दोनशे, प्रत्येकीचा घेर साडेनऊ इंच, म्हणजे साधारण ५५५ चौरस फूट. दोन आडव्या पट्ट्यांचे १६५. चौदा खांबांचे ७५. मिळून आठशेच्या जवळ. लिटरला शंभर चौरस फूट धरले तर एका हातालाच आठ लिटर. म्हणजे रंग खरोखर पातळ करून ओढलेला होता. दुकानदार अगदीच चुकीचा नव्हता.

काम डिसेंबरात धरलं. पट्ट्या सगळ्या उतरवल्या. खालची टोकं दोन इंच कापून तिरकी केली, म्हणजे थेंब धरून राहत नाही. आडव्या पट्ट्या होत्या तिथेच ठेवल्यामुळे जमिनीपासून अडीच इंचांची मोकळीक मिळाली. वाफा हातभर मागे सरकवला आणि मधे खडी टाकली, नाहीतर पावसाचा तांबडा शिंतोडा पांढऱ्यावर हमखास. कडा घासून दोन-तीन मिलिमीटर गोल केल्या. धारदार कडेवरून ओला रंग मागे सरतो आणि तिथेच थर सर्वांत पातळ राहतो. गाठींची राळ खरवडून, टर्पेंटाइनने पुसून, स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्याचे, म्हणजे लाखेचे, दोन हात. टोकांना अस्तराचे तीन हात, बाकी अंगाला एक. अस्तर रात्रभर वाळू दिल्यावर भोकं लांबीने, म्हणजे पुट्टीने, भरली, घासली आणि त्या जागी पुन्हा अस्तर. मग अॅक्रिलिकचे दोन हात, एक जमिनीवर आणि दुसरा उभारणीनंतर. अस्तर नऊ लिटर, रंग सतरा. खिळ्यांऐवजी स्टेनलेस स्टीलचे स्क्रू, आणि स्क्रूच्या भोकात अस्तराचा थेंब.

वेळ सकाळी अकरा ते दुपारी साडेतीन. त्याआधी दंव, त्यानंतर पुन्हा गारठा. अॅक्रिलिक ओला असताना दंव पडलं की साबणासारखे चिकट डाग उठतात. उन्हाच्या मागे मागे, सावली आलेल्या बाजूला रंग न्यायचा.

कुंपण जुनं असेल तर एक सावधगिरी. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाखांत ९० भागांच्या, आत ठेवण्याचा नियम १ नोव्हेंबर २०१७पासून लागू झाला. त्याआधीचा रंग कोरडा घासू नये. पाणी मारत ओला घासावा, तोंडाला नीट बसणारा मास्क लावावा, खाली ताडपत्री अंथरावी आणि खरवडलेलं वाफ्यात पडू देऊ नये.

पुढच्या ऑक्टोबरात मीटर पुन्हा लावलं. खालच्या टोकांना १७-१८, पोपडा कुठेच नाही. रंग गेला होता तो फक्त फाटकाच्या खालच्या कडेला. बिजागरी सैल होऊन फाटक फरशीला घासत होतं आणि टोकाचं अस्तर झिजून लाकूड उघडं पडलं होतं. बिजागरीचे स्क्रू एक नंबर मोठे घालून फाटक उचललं, कड वाळू दिली आणि तेवढ्याच भागाला परत तीन हात दिले.