टायमिंग चेन अपडेट: १४ अंशांचा हिशेब लागला

मंडळी, घोडं कुठे पेंड खात होतं ते अखेर सापडलं! नवीन टायमिंग चेन (पिस्टनने फिरणाऱ्या क्रँकवरून वाल्व्ह उघडणारा कॅम फिरवते ती) टाकूनही कॅम स्प्रॉकेटची, म्हणजे कॅमवरच्या दातेरी चाकाची, रेघ हेडच्या काठाला येत नाहीये, एवढं लिहून मागच्या वेळी थांबले होते, त्यानंतर जे निघालं ते चेनपासून बरंच लांब होतं, म्हणजे इंजिनाच्या पार दुसऱ्या बाजूला. सविस्तर लिहिते कारण हे कुणाच्याही सिंगल सिलिंडरमध्ये होऊ शकतं आणि दिसतं मात्र हुबेहूब चेन झिजल्यासारखं.

आधी चेनचं उरकते. जुनी चेन बाहेर काढून ताणून धरली आणि २० पिचचं (पिच म्हणजे लागोपाठच्या दोन पिनांमधलं अंतर) माप घेतलं. आपली २५एच मापाची, पिच ६.३५ मिमी, म्हणजे २० पिचचे १२७ मिमी व्हायला हवेत, नवीनचे तंतोतंत तेवढेच भरले, जुनीचे १२८.१. एवढ्याशा तुकड्यात १.१ मिमी वाढ म्हणजे जवळजवळ पाऊण टक्क्याच्याही वर, चेन संपलेलीच होती. प्लेटा ताणल्या जात नाहीत हे इथे सगळ्यांना माहितीये, पिना आणि बुश झिजतात आणि प्रत्येक कडीत थोडी थोडी ढील येते. जुनी चेन आडवी धरली की ती बाजूला धनुष्यासारखी वाकत होती, नवीन ताठ राहते, हा फरक हातात घेतल्यावर लगेच कळतो, व्हर्नियर नसला तरी चालेल.

मागच्या गाईडचं (चेन ज्यावरून सरकते ती पट्टी) रबर बघून मात्र वाईट वाटलं. चेनच्या प्लेटांनी त्यात दोन समांतर चऱ्या पाडल्यात, नख आत जातं इतक्या खोल, आणि खालच्या टोकाला एक कपचाच उडालेला. तो कपचा ऑइलच्या जाळीत सापडला, सोबत काळा चुरा. त्यामुळे चेन बदलणार असाल तर दोन्ही गाईड आणि टेन्शनर (खाचांच्या दांड्याने चेनची ढील काढणारा भाग) एकत्रच बदला, जुन्या चरीत नवीन चेन घालण्यात काही अर्थ नाही. जुन्या टेन्शनरचा दांडा शेवटच्या खाचेच्या एक अलीकडे पोचला होता, नवीन चेनवर नवीन टेन्शनर चौथ्या खाचेला थांबला, हे बघून फार बरं वाटलं. आणि रॅचेटवाल्या टेन्शनरचे बोल्ट नुसते ढिले करून परत आवळायचे नाहीत कधीच, दांडा तेवढ्यात पुढे सरकतो आणि मागे येत नाही, मग चेन गिटारच्या तारेसारखी ताणली जाते. पूर्ण काढा, दांडा आत ढकला, मग बसवा.

आता मुख्य डोकेदुखी.

जुन्या चेनवर टी मार्क (पिस्टन सगळ्यात वर, म्हणजे टीडीसीला आल्याची खूण) खाचेला लावल्यावर कॅमची रेघ साधारण १४ अंश (क्रँकचे) मागे होती, ते मी आधीच नोंदवलं होतं. तेव्हा सगळं खापर चेनवर फुटलं. पण गणित करून बघा. कॅम स्प्रॉकेट ३४ दाती, एक दात म्हणजे कॅमचे १०.६ अंश आणि क्रँकचे २१.२. ओढणारी बाजू, म्हणजे क्रँक आणि कॅमच्या मधली ताणात असणारी, तिथे आपल्या इंजिनात साधारण ३४ कड्या येतात, २१६ मिमी. ०.८७ टक्के वाढ धरली तर १.९ मिमी, म्हणजे क्रँकचे ६ अंश. चेनच्या नावावर ६च अंश जातात! उरलेले ८ कुणाचे?

आणि नेमकं तेच झालं, नवीन चेन घातल्यावर रेघ पुढे आली, पण ८ अंश मागे राहिलीच. स्प्रॉकेटच्या कडेला मोजलं तर हेडच्या काठापासून जेमतेम अडीच मिमी. एक दात पुढे घेतला की १३ अंश पुढे जाते, परत आणला की ८ अंश मागे. ना इकडे ना तिकडे. प्रत्येक वेळी क्रँक पुढच्याच दिशेने फिरवून, टेन्शनरच्या भोकातून ढिली बाजू दाबून धरून बघितलं, म्हणजे ओढणाऱ्या बाजूला ढील राहण्याचा प्रश्न नाही.

पहिला संशय अर्थातच नवीन चेनवर. कड्या मोजल्या, दर दहाव्या कडीला पांढऱ्या रंगाचा ठिपका देऊन, ९४ बरोबर. (तशीही कड्या कमीजास्त असत्या तर ढिल्या बाजूला फरक पडला असता, ओढणाऱ्या बाजूला नाही, पण खात्री केलेली बरी.) चेन ज्याच्याकडून घेतली त्याच्याबद्दल चांगलंच बोलेन, पिनांची डोकी एकसारखी फुगवलेली होती आणि माल ऑइल लावलेल्या बंद पिशवीत आला. गाईड दुसरीकडून घेतले होते, त्यातल्या एकाचं भोक इतकं घट्ट की बोल्ट शिरेना, रीमर फिरवावा लागला. त्याच्याकडून परत काही घेणार नाही.

दुसरा संशय हेड आणि बेस गॅस्केट. ब्लॉक खाली आला की कॅम मागे पडतो हे खरं, पण अर्धा मिमी खाली आला तरी क्रँकचे पावणेदोन अंशच होतात. ८ अंशांसाठी ब्लॉक सव्वादोन मिमीपेक्षा जास्त खाली यायला हवा, तेवढा आला असता तर पिस्टन हेडला आपटला असता. तेही बाद.

तिसरा विचार स्प्रॉकेटची भोकं कानशीने लांबट करायचा होता. रेसवाले करतात तसं, कॅमचे ४ अंश फिरवून रेघ काठाला आणायची आणि बोल्ट आवळायचे. जुन्या स्प्रॉकेटवर खुणासुद्धा करून झाल्या होत्या. पण मन घेईना. कंपनीतून निघालेलं इंजिन कधीतरी बरोबर जुळत होतंच ना, मग आता न जुळायला काहीतरी हललेलं असणार. कुठेतरी पाणी मुरत होतं. चेन ठीक, दोन्ही स्प्रॉकेटचे दात ठीक, कॅमची पिन ठीक, उंची ठीक. हे सगळं ठीक असेल तर मग खोटं कोण बोलतंय? उरला एकच, टी मार्क!

टी मार्क मॅग्नेटवर (क्रँकच्या टोकावरचं चुंबकांचं चाक) असतो, क्रँकवर नाही. मॅग्नेट क्रँकच्या टेपरवर (निमुळत्या टोकावर) बसतो आणि त्याची जागा ठरवते ती छोटी अर्धचंद्र चावी. आपल्या इंजिनात टायमिंग चेन क्लचच्या बाजूला असल्यामुळे या सगळ्या कामात मॅग्नेटची बाजू उघडायची वेळच आली नव्हती, नुसतं झाकणाचं बूच काढून मार्क बघणं चालू होतं.

मग मार्कवर विश्वास न ठेवता खरा टीडीसी शोधायचा ठरवला. प्लगच्या भोकातून काडी घालून शोधण्यात दम नाही, कारण टीडीसीजवळ पिस्टन जवळजवळ थांबलेलाच असतो, ५ अंश इकडेतिकडे झाले तरी तो जेमतेम ०.१४ मिमी हलतो. पिस्टनला वाटेत अडवणारा पिस्टन स्टॉपच लागतो. जुना प्लग घेतला, आतलं चिनीमातीचं सगळं काढून टाकलं, त्यात ८ मिमीचा आटा पाडून टोक गोल केलेला बोल्ट बसवला. बोल्टला मधून बारीक आरपार भोक हवंच, नाहीतर दोन्ही वाल्व्ह बंद असताना हवा दाबली जाते आणि हाताला खोटा अडसर लागतो. टॅपेटचे स्क्रू पूर्ण ढिले. डिग्री व्हील (अंशांची तबकडी) कागदावर छापून जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेलं, विकतच्या छोट्या धातूच्या व्हीलपेक्षा मला हेच आवडतं, व्यास मोठा ठेवता येतो आणि अर्धा अंशही नीट वाचता येतो. केसच्या बोल्टला तार अडकवून काटा केला.

टी मार्क खाचेला लावून व्हील शून्यावर आणलं. मग पिस्टन खाली नेऊन स्टॉप लावला आणि क्रँक हळूच पुढे, स्टॉपला टेकेपर्यंत, शून्याच्या अलीकडे ३७. मग उलटा फिरवून दुसऱ्या बाजूने टेकवला, शून्याच्या पलीकडे ५३. परत केलं, तेच. टी मार्क खरा असता तर दोन्हीकडे सारखा आकडा यायला हवा होता, ४५ आणि ४५. फरक १६, त्याचा अर्धा ८. म्हणजे टी मार्क खाचेला येतो तेव्हा पिस्टन टीडीसीच्या ८ अंश अलीकडेच असतो. हरवलेले ८ अंश समोर पुठ्ठ्यावर दिसत होते, मी अक्षरशः टाळी वाजवली.

मॅग्नेट काढला. नट पान्याला फारसा जोर न लावता सुटला, तिथेच पुढचं कळलं. पुलर पूर्ण आट्यापर्यंत फिरवून मधला बोल्ट आवळला, त्याच्या डोक्यावर एक टिचकी, मॅग्नेट मोकळा. यासाठी आट्याचाच पुलर वापरा, तीन पायांचा पुलर कडेला अडकवून ओढला तर मॅग्नेट वाकतो, आणि हातोडीने ठोकलं तर आतली चुंबकं तडकतात. टेपरवर लालसर तपकिरी भुकटी होती, लोखंड लोखंडावर बारीक बारीक हलत राहिलं की अशीच निघते. आणि चावी! खालचा अर्धा भाग क्रँकच्या खाचेत जागच्या जागी, वरचा अर्धा फिरण्याच्या दिशेने पुढे सरकलेला, मधे स्वच्छ पायरी, व्हर्नियरने सव्वा मिमी. त्या जागी टेपरची त्रिज्या साधारण ९ मिमी, गणित केलं तर बरोब्बर ८ अंश. इतकं चोख जुळल्यावर जीव भांड्यात पडला.

आता सगळ्या तक्रारी एका ओळीत आल्या. स्टार्टर मोटर वनवे क्लचमधून (एकाच दिशेने पकडणारा क्लच) मॅग्नेटला फिरवते आणि मॅग्नेट टेपरवरून क्रँकला. नट ढिला असेल तर प्रत्येक स्टार्टला मॅग्नेट क्रँकच्या पुढे जायला बघतो. तो पुढे सरकला की पल्सरचा (स्पार्कची वेळ ठरवणारा सेन्सर) उंचवटाही पुढे, म्हणजे स्पार्क ८ अंश लवकर. स्टार्ट करताना मागे बसणारा झटका, जो मी बॅटरीच्या खात्यात टाकला होता, तो हाच. गरम इंजिनवर चढाला येणारं नॉकिंगही हेच. आणि खरी मेख म्हणजे स्ट्रोब लाइट (टायमिंग तपासायचा लुकलुकणारा दिवा) हे कधीच दाखवणार नाही! एफ मार्क (स्पार्कच्या वेळेची खूण) आणि पल्सरचा उंचवटा दोन्ही त्याच मॅग्नेटवर, दोघं एकत्र सरकले, त्यामुळे स्ट्रोबवर टायमिंग एकदम परफेक्ट दिसतं. मी तपासलं होतं, दिसलंही होतं.

भोकं कानशीने वाढवली असती तर कॅम खऱ्या टीडीसीच्या हिशेबाने ८ अंश पुढे गेला असता, इनटेक वाल्व्ह आणि पिस्टनमधली जागा कमी झाली असती, आणि लवकरचा स्पार्क तसाच राहिला असता.

दुरुस्ती त्या मानाने सोपी. चावी न घालता टेपरवर बारीक लॅपिंग पेस्टचा पुसटसा थर देऊन मॅग्नेट हाताने थोडा थोडा उलटसुलट फिरवला, ऑइल सीलवर फडकं गुंडाळून. पुसून निळा रंग लावून बघितलं, सगळीकडे सारखा ठसा आला की थांबायचं. जास्त घासाल तर मॅग्नेट आत जाऊन मागच्या गिअरला घासेल. मग पेस्टचा कण न् कण धुवून टेपर पूर्ण कोरडा केला, इथे ऑइल किंवा ग्रीस अजिबात नको, ताकद टेपरच्या पकडीची असते, चावी फक्त जागा दाखवायला. नवीन चावी, नवीन वॉशर, नट मॅन्युअलमधल्या टॉर्कला. यासाठी मोठा टॉर्क रेंच ठीक आहे, पण कॅम स्प्रॉकेटच्या ६ मिमी बोल्टांना छोट्या रेंजचा वेगळाच ठेवा, मोठ्याचा खालच्या टोकाला काही भरवसा नसतो.

परत पिस्टन स्टॉप लावला. ४५ आणि ४५. कॅमची रेघ हेडच्या काठावर, वर स्टीलची पट्टी ठेवली तर एक सरळ रेषा. हाताने बऱ्याच वेळा फिरवून परत बघितलं, हलली नाही. टॅपेट ०.०५ आणि ०.१० मिमीला सेट केले, कव्हर लावलं, स्टार्टर दाबला आणि एका दमात चालू, झटका नाही, गार इंजिनावरची ती खडखड नाही, आयडलिंगला फक्त टॅपेटची बारीक टिकटिक. ॲक्सिलरेटर सोडताना मधल्या आरपीएमला जी चेन झणझणायची तीही गेली.

खरं तर आता ऑइल बदलून थांबणार होते, पण लिहिता लिहिता वाटतंय की वनवे क्लच तसाच सोडणं बरोबर नाही. मॅग्नेट एवढी वर्षं झटके खात होता तर त्याच्या मागचे रोलर आणि स्प्रिंगाही बघायला हव्यात, आणि पुलर हाताशी आहेच. शिवाय थोडं चालवल्यावर नटचा टॉर्क एकदा तपासायचाच आहे, तेव्हा दोन्ही कामं एकाच वेळी करते. रोलरवर सपाट घट्टे पडलेत का, त्याचं माप घेऊन पुढच्या वेळी टाकते. कुणी या क्लचच्या स्प्रिंगा सुट्या मिळवल्या असतील तर नक्की सांगा, फक्त स्प्रिंगांसाठी अख्खा सेट घ्यायची माझी इच्छा नाही.