वरळीच्या किल्ल्यावर सगळे पाठमोरे

लग्नासाठी मुंबईला गेले होते. लग्न, मानपान, दादरची खरेदी हे सगळं गाळते. लिहायचंय ते वरळी कोळीवाड्याबद्दल, आणि तेही जरा चिडूनच.

टॅक्सी गावाच्या तोंडाशीच सोडावी लागते. आतली गल्ली इतकी चिंचोळी की समोरून मासळीची टोपली आली, तर आपण कुणाच्या तरी ओट्यावर चढायचं. कोळंबीच्या सालांचा, ओल्या जाळ्यांचा वास. बरोबरच्या एक नातेवाईक बाई नाकाला रुमाल लावून चालत होत्या. (रात्री जेवताना सुरमईचा तुकडा पुन्हा मागून घेणाऱ्या त्याच.)

टोकाला किल्ला. माहीमच्या खाडीवर नजर ठेवायला इंग्रजांनी सतराव्या शतकात बांधलेला, अगदी आटोपशीर. आत विहीर, देऊळ. तटावर मात्र पाय ठेवायला जागा नाही. २००९ साली खुला झालेला सागरी सेतू इथून झकास दिसतो, म्हणून प्रत्येक जण मोबाइल धरून उभा, कोळीवाड्याकडे पाठ करून. खाली खडकांवरून एक पोरगा चिंबोऱ्यांची पाटी घेऊन येत होता. तटावरून एक मुलगी ओरडली, "भैया, जरा साइडला, फ्रेममध्ये येताय!" भैया! मुंबई सात बेटांची होती, वरळी त्यांतलंच एक, आणि तेव्हापासून इथं राहणाऱ्यांच्या पोराला हिच्या फोटोसाठी बाजूला व्हायचं. तो झालाही. माझंच डोकं फिरलं.

तशीच खाली बंदरावर उतरले. एक म्हातारे काका जाळं शिवत बसले होते. कोस्टल रोडचा पूल दाखवून विचारलं, "काका, खांबांवरून भांडण झालं होतं ना, ते हेच?"

"हेच. साठ मीटर ठेवनार होते दोन खांबांत. दोन होड्या समोरासमोर आल्या नि वारा सुटला, तर खांबावर आपटनार कोन? इंजिनेर नाय, आमी."

होड्या आडव्या घालून यांनी समुद्रातलं काम थांबवलं होतं, हे पेपरात वाचलेलं आठवत होतं. मागणी बरीच जास्त अंतराची होती. शेवटी २०२२च्या डिसेंबरात १२० मीटरवर तडजोड झाली, मधला एक खांब गाळला. पुलावरून गाडीनं भुर्रकन जाणाऱ्याला तिथं एक खांब कमी आहे हे कसं कळणार? काका मात्र खांबांमधला तो मोठा गाळा बोटानं दाखवत होते, भरतीला होडी कुठून काढायची, वारा कुठला असला की बाहेर पडायचं नाही. मला निम्मं कळलं नाही, पण उठवेना. काकूंनी न विचारताच चहा आणून ठेवला. लग्नाच्या हॉलवर मला साधं पाणी मागून घ्यावं लागलं होतं, हेही इथंच नोंदवते.

जून-जुलैत जाऊ नका, यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. नारळी पौर्णिमेला जा म्हणतात सगळे, पण गर्दी मला सोसत नाही, तेव्हा ते तुमचं तुम्ही बघा.

निघताना काकूंकडूनच बोंबील घेतले. भाव ऐकून नुसतं तोंड उघडलं, तर म्हणाल्या, "मॉलमदी करतेस काय गो घासाघीस?"

नाही करत. मुकाट्यानं पैसे दिले.