आम्ही म्हणजे मी नाही

मंगळवार, रात्री अकरा

अमराठी लोकांना मराठी शिकवते, त्या संध्याकाळच्या वर्गात मार्कर वाळला, म्हणून दुसरा आणायला खाली गेले. पाचेक मिनिटं लागली असतील. परत येते तर जिन्यातूनच गलका ऐकू येत होता. 'अरे, काय चाललंय काय?' हे जिभेवर आलंच होतं, इतक्या वर्षांची सवय. तेवढ्यात मागच्या बाकावरचं बोलणं कानावर पडलं आणि मी दारातच थबकले.

तो तिला सांगत होता, "शनिवारी आम्ही सिनेमाला जाणार."

"छान. मजा करा." तिने वहीत डोकं घातलं.

"करा? तू नाही येत?"

"तू 'आम्ही' बोलला. आम्ही म्हणजे मी नाही."

पुढच्या बाकावरचा तिसरा गर्रकन वळला, "अरे, आपण! आपण बोल!"

"हां हां, आपण. आपण जाणार. तू पण."

हे 'आम्ही-आपण' मी या वर्गाला तीनदा शिकवलंय. फळ्यावर वर्तुळ काढून, ऐकणारा आत असेल तर आपण, बाहेर असेल तर आम्ही, असं. गुजराती किंवा तेलुगू बोलणाऱ्याला यात काही अवघड वाटत नाही, त्याच्या भाषेत हा भेद आहेच. हिंदी-इंग्रजीवाल्यांचा घोळ होतो, कारण त्यांचं एकाच शब्दात भागतं. या पठ्ठ्याने तर मागच्या चाचणीत सगळ्या गाळलेल्या जागा बरोबर भरल्या होत्या. पण गाळलेल्या जागेला वाईट वाटत नाही. आज समोरच्या माणसाला वाटलं.

दुसरी भाषा कशी शिकली जाते याचे अभ्यासक मायकेल लाँग यांनी १९८०च्या दशकात मांडलेलं हेच की. बोलताना अर्थ अडतो, मग दोघं मिळून तो सोडवतात, आणि त्या घासाघिशीत भाषा मुरते. प्रशिक्षणात हे मी व्यवस्थित लिहून काढलं होतं, गुणही मिळाले होते. आणि मग वर्गात येऊन वर्षानुवर्षं 'आपापसात बोलू नका' म्हणत राहिले.

गेल्या महिन्यात एक तास मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ऐकला होता. नव्वद मिनिटांतली चोपन्न मिनिटं माझा आवाज. उरलेली छत्तीस अठराजणांत वाटली तर माणशी दोन मिनिटं, तीही अडखळण्यासकट. त्याहून लाज वाटली ती एका वेगळ्याच गोष्टीची. प्रश्न विचारल्यावर मी थांबतच नाही. शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी विज्ञानाच्या वर्गांत मोजलं होतं, शिक्षक उत्तरासाठी सरासरी सेकंदभर वाट बघतात. तीन सेकंद थांबलं तर उत्तरं लांबतात. मी तर बहुधा सेकंदही देत नाही. परक्या भाषेत बोलणाऱ्याला तेवढ्यात क्रियापदसुद्धा सापडत नसेल.

आणि प्रश्न तरी कसले! 'तुमच्या घरी कोण कोण असतं?' उत्तर मला आधीच माहीत. मी विचारायचं, त्यांनी सांगायचं, मी 'शाब्बास' म्हणायचं. सिंक्लेअर आणि कूल्टहार्ड या भाषाशास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये वर्गातल्या बोलण्याचा हाच तीन पायऱ्यांचा साचा दाखवला होता. या साच्यात विद्यार्थ्याला 'म्हणजे?' असं कधी विचारावं लागत नाही. मध्येच तोडावं लागत नाही, रुसावं लागत नाही. 'बरं', 'हो का', 'ना', 'अगं' यांच्याशिवाय मराठीत दोन मिनिटं बोलून दाखवावं कुणी, आणि आमच्या पुस्तकात ते औषधालाही नाहीत. आज दारात उभ्या उभ्या एक खोचक 'हो का?' ऐकलं. कुठून शिकली कोण जाणे. माझ्याकडूनच असेल.

एकमेकांच्या चुका उचलतील ही माझी जुनी भीती. लाँग आणि पोर्टर यांनी १९८५ मध्ये अभ्यास एकत्र करून दाखवलं, की गटात बोलणारे शिक्षकांसमोर बोलतात त्यापेक्षा जास्त चुका करत नाहीत. वाचलं होतं, पटलं नव्हतं. 'तू बोलला' तसंच राहिलं आज, 'बोललास' कुणीच म्हटलं नाही. मीही नाही. हात शिवशिवले, पण वहीच्या कोपऱ्यात टिपून ठेवलं, गुरुवारी बघू.

खरी अडचण दुसरीच आहे. बोलणं रंगलं की गाडी हिंदीवर घसरते. एकदा भिंतीवर 'इथे फक्त मराठी' अशी पट्टी लावली होती. त्याने हिंदी थांबली, आणि बोलणंही. पंधरा दिवसांनी मीच काढली. आजच्या पाच मिनिटांत हिंदी होतीच अधूनमधून, पण शब्द विचारण्यापुरती: रूठना को मराठी में क्या बोलते हैं? अशी हिंदी मला चालेल. सिनेमाची सगळी गोष्टच हिंदीत सांगायला लागले तर काय करायचं, ते मात्र ठरलेलं नाही.

शिवाय खिडकीपाशी बसणाऱ्या बाई. त्यांना गलका सोसत नाही. त्या वेळी त्यांनी पुस्तक उघडून मान खाली घातली होती. त्यांना फळा हवा, ओळीने मांडलेलं हवं. त्यांचं चुकतं असं मला वाटत नाही. सध्या तरी तासाची पहिली दहा मिनिटं मोकळी सोडायची ठरवलंय, मी हजेरीचं वगैरे बघत बसेन. बोलायचं त्याने बोलावं, नाही त्याने ऐकावं.

तास सुटल्यावर तो मुलगा टेबलापाशी आला. चेहऱ्यावर नवा शब्द वापरायची घाई. "मॅडम, शनिवारी आपण सिनेमाला जाणार?"

आता हे 'आपण' म्हणजे आदरार्थी तुम्ही, की आपण सगळे? चौकशी की आमंत्रण? 'जाणार' दोन्हीकडे तेच, त्यावरूनही कळेना. मी तोंड उघडलं आणि दारातून ती ओरडली, "अरे, आपण म्हणजे कोण?"