चौथ्या ओळीतला जांभळा रंग

दुपारी आमची विद्यार्थिनी ९६ खळग्यांची प्लेट घेऊन जवळजवळ पळतच आली. तीन आठवडे ती सांगलीच्या हळदीच्या अल्कोहोलमधल्या अर्कावर काम करत होती. समोर स्यूडोमोनास नावाचा जंतू होता. पलूसकडच्या एका मधुमेही शेतकऱ्याच्या पायाच्या जखमेतून आलेला, आणि रिपोर्टात जवळपास प्रत्येक अँटिबायोटिकपुढे ‘आर’, म्हणजे रेझिस्टंट, औषधाला दाद न देणारा.

डिस्क टेस्टमध्ये, म्हणजे जंतू पसरलेल्या आगरच्या जेलीवर अर्काची चकती ठेवून बघतात त्यात, चकतीभोवती जंतू न वाढलेलं मोकळं वर्तुळ उमटलंच नव्हतं, तेव्हा ती रडवेली झाली होती. पण हळदीतलं पिवळं द्रव्य, कर्क्युमिन, पाण्यात फारसं विरघळत नाही, आगरमध्ये पसरत नाही. त्या टेस्टवरून अर्काला नापास करणं अन्यायाचं होतं. म्हणून ही प्लेट. जंतू वाढू द्यायचे, धुऊन काढायचे, जे चिकटून राहतील ते क्रिस्टल व्हायोलेट या जांभळ्या रंगानं रंगवायचे. पाण्याच्या टाकीत आतून बुळबुळीत थर धरतो ना, तसलंच घर हे जंतू स्वतःभोवती बांधतात. आत औषध नीट पोहोचत नाही, शिवाय कितीतरी जंतू तिथं सुस्त पडून असतात. बहुतेक औषधं वाढत्या जंतूंवर चालतात, सुस्तांवर त्यांचं फार चालत नाही.

पहिली ओळ, नुसते जंतू: गडद जांभळी. दुसरी, अर्क घातलेली: फिकी! मलाही राहवलं नाही, तिचा हातच धरला. तिसरी, नुसतं अल्कोहोल: किंचित फिकी, पण तेवढी नाही. म्हणजे काम हळदीचंच.

चौथ्या ओळीत थर आदल्या दिवशीच धरू दिला होता, अर्क नंतर घातला होता. ती पहिलीइतकीच जांभळी होती.

संध्याकाळी त्या शेतकऱ्याचा मुलगा आला. “मॅडम, जखमेत रोज घरची हळद भरतोय. चालतंय न्हवं?”

जखमेवरच्या हळदीचं अमेरिकेतलं पेटंट १९९७ साली आपल्या जुन्या ग्रंथांच्या पुराव्यावर रद्द झालं, याचा मला अभिमान आहे. पण माझ्या डोळ्यांसमोर चौथी ओळ होती. महिनाभराच्या जखमेत थर कधीच धरलेला. त्यात घरच्या पुडीत मातीतले जंतूही असू शकतात.

“दादा, हळद आजपासून बंद. उद्याच सर्जनकडं न्या, मेलेलं मांस काढून जखम साफ करायला लागंल. त्याशिवाय औषध आत जाणार नाही.”

“म्हंजी आमच्या हळदीत काय न्हाई?”

“आहे. थर धरायच्या आधी आहे.”

तो गेल्यावर आम्ही दोघींनी नवी प्लेट लावली. याच जंतूचा धरलेला थर, त्यावर अर्क आणि अँटिबायोटिक एकत्र. इन्क्युबेटर ३७ अंशांवर. या वेळी अल्कोहोलची ओळ तिनं न सांगता आधी भरली.